तुर्भ्याचे आयकिया: खरेदीस उत्तम, रोजगाराचा हिशेब मात्र अपुरा

नवी मुंबईतील तुर्भे स्थानकाजवळ डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेले आयकियाचे दालन हे हैदराबादनंतरचे या स्वीडिश फर्निचर कंपनीचे भारतातील दुसरे मोठे दालन आहे. मांडणी, किमतींचे स्पष्ट फलक आणि लहान घरांना साजेशा सजवलेल्या खोल्या यांबाबत ते निःसंशय उत्तम आहे. मात्र अशी दालने उघडताना रोजगारनिर्मितीचा गाजावाजा होतो, म्हणून त्याही अंगाने त्याकडे पाहायला हवे.

येथे ग्राहक वस्तूचा क्रमांक टिपून घेतो, गोदामातून खोके स्वतः काढतो आणि पैसे भरण्याच्या खिडकीपर्यंत स्वतःच नेतो. किमती कमी राहतात त्या काही अंशी यामुळेच, आणि दालनाच्या आकाराच्या मानाने माणसे कमी लागतात तीही यामुळेच. हैदराबादचे दालन २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा सुमारे ९५० थेट आणि १,५०० अप्रत्यक्ष रोजगार सांगण्यात आले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक काम कंपनीच्या हजेरीपटाबाहेरचे. नोकऱ्यांत निम्म्या महिला असाव्यात हे कंपनीचे धोरण मला मनापासून स्तुत्य वाटते, पण वाहतूक, घरपोच सेवा आणि जोडणी करणाऱ्यांनाही ते लागू व्हावे.

जोडणीचे काम तर विशेष विचार करण्याजोगे आहे. माप घेऊन, लाकूड कापून कपाट घडवणाऱ्या सुताराचे कसब येथे तयार भाग स्क्रूने जोडण्यापुरते उरते. नव्या मुलाला ते लवकर शिकता येते, ही जमेची बाजू आहे. अनुभवी कारागिराला त्याच्या अनुभवाचा मोबदला मिळत नाही, ही मला गंभीर उणीव वाटते.

कारखान्यांतील रोजगार हा आणखी मोठा भाग आहे. एकल ब्रँडच्या, म्हणजे एकाच नाममुद्रेचा माल विकणाऱ्या, विदेशी विक्रेत्यांना ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट आहे, पण २०१९ पासून निर्यातीसाठी केलेली खरेदीही तीत धरली जाते. त्यामुळे येथील विणकरांना व उत्पादकांना परदेशी दालनांचे काम मिळू शकते, हे चांगलेच आहे; तथापि तुर्भ्यात विकल्या जाणाऱ्या मालाने येथे किती हातांना काम दिले, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही.

खरेदीसाठी हे दालन मी निःसंकोच सुचवेन. रोजगाराबाबतचे गुण मात्र कंपनीच्या पटावर किती जण आहेत, कंत्राटदाराकडे किती आहेत आणि त्यांपैकी किती जणांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो, हे दालननिहाय जाहीर झाल्यावरच देता येतील.