लंपीच्या लशीचे पैसे मागणारा दारातूनच परत पाठवा

पावसाळा लागला की लंपीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठणाऱ्या साथीची, बातमी येते आणि तिच्या मागोमाग खांद्याला बॅग लावून ही माणसं येतात. परवा इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूरकडच्या आमच्या नात्यातल्या एकीचा फोन आला, "वहिनी, लस टोचून गुराच्या कानात बिल्ला मारून विमा देणारा आलाय, देऊ का पैसे?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला फोनवरच सांगितलं, त्याला आत घेऊ नकोस. पण किती जणींना फोन करणार, म्हणून सगळं लिहून काढतेय. 2022 मध्ये आमचे 11,750 रुपये गेले आणि भरल्या कासेची गाय गेली.

आमचं गाव हातोदच्या पुढे. दोन जर्सी क्रॉस, एक गीर, एक कालवड, एवढाच गोठा. दूध इंदुरात सुदामा नगर आणि लोकमान्य नगरातल्या बंदीच्या, म्हणजे रोजचं दूध बांधलेल्या, गिऱ्हाइकांना जायचं, बहुतेक मराठी घरं. त्या वर्षी गुजरात-राजस्थानात गुरं पटापट मेली. मग रतलाम, उज्जैन, मंदसौर करत रोग आमच्याकडे आला. गुरांचे बाजार बंद, ने-आण बंद. त्यात कुणीतरी उठवलं की लंपीचं दूध माणसाला बाधतं. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायलं की काही होत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. तरी ऐन पितृपक्षात, खिरीसाठी दूध कमी पडतं त्या दिवसांत, अर्धी बंदी तुटली. सरकारी दवाखान्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लस आली की येऊ, नंबर लावा." आता ज्याच्या घरी चार गुरं आणि मुलीच्या कॉलेजची फी आहे, त्याने नंबराची वाट बघत बसायचं का?

तेव्हाच तो आला. मोटरसायकल, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील पावतीपुस्तक. दारावरची माझी मराठी पाटी वाचली आणि म्हणाला, "काकू, मीही आपलाच, जळगावकडचा. आपल्या माणसाकडून जास्त घेत नाही." गाव हिंदी-मालवी बोलणारं, असा कुणी दारात मराठी बोलला की आमच्याकडे आधी चहा ठेवला जातो. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या पटेलांकडे तो "दादा, राम-राम" करूनच गेला होता.

हिशेब असा: लस एका गुराला 450, चारांचे 1,800. विमा दुभत्या गाईला 1,650, तिघींचे 4,950. फाइलचे 500. एकूण 7,250 रोख. गाय मेली तर 50,000 मिळणार. लंपीची सरकारी लस फुकट टोचतात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, ही खासगी पुरवठ्याची आहे, सरकारी महिनाभर येत नाही. दवाखान्यातूनही तेच ऐकलं होतं, मग खोटं कसं वाटणार?

आता ती बाटली. त्याने सुई काढताना बाटली माझ्या हातात दिली. कोमट होती. बर्फ नाही, थर्मासचा डबा नाही, बॅगेत कंगवा, पावतीपुस्तक आणि त्याच्यातच बाटल्या. आत आधीच पातळ पाणी भरलेलं. लंपीसाठी तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस द्यायचे, ती सुकी, भुकटीसारखी येते, टोचायच्या वेळी वेगळ्या बाटलीतल्या द्रावणात कालवतात आणि लगेच संपवतात. ती बर्फात ठेवूनच आणतात, 2 ते 8 अंशांत. मला हे सगळं नंतर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याने सांगितलं. पण कोमट बाटली तर माझ्याच मुठीत होती! आजही दुधाचा कॅन धुताना तळहाताला ती ऊब आठवते आणि संताप येतो. उन्हातून आलाय, तापली असेल, असंच कुणालाही वाटलं असतं. वर एकाच सुईने चारही गुरांना टोचलं, तेही पुठ्ठ्यात, जेव्हा ही लस मानेजवळ कातडीखाली देतात. गीर गाईला सकाळपासून कणकण होती, वैरण टाकली होती. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हिला तर आधी द्यायला हवी." आजारी जनावराला ही लस देतच नाहीत. आजारी गाईची सुई धडधाकट गाईत घालणारा माणूस डॉक्टर नसतो, एवढं लक्षात ठेवा.

आठवडाभरात गीर गाईच्या मानेवर, कासेवर सुपारीएवढ्या गाठी आल्या, पाय सुजले, डोळ्यांतून पाणी. फोन केला तर म्हणाला, "काकू, लशीला अंगी लागायला तीन आठवडे जातात, घाबरू नका." हे खरंच आहे, लशीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. खऱ्या गोष्टीच्या आड लपलेलं खोटं कसं ओळखणार? मग दोन्ही क्रॉस गाईंनाही गाठी आल्या. त्या वाचल्या, कडुलिंबाच्या पाण्याने जखमा धुऊन, माश्या हाकत, एका निवृत्त एव्हीएफओंनी (सरकारी पशुवैद्यकीय खात्यातल्या सहायकांनी) दिलेल्या औषधांवर. दूध मात्र निम्म्यावर आलं, ते पुढच्या वेतापर्यंत भरून आलं नाही. गीर गाय गेली.

त्याच दिवशी त्याला फोन केला. आवाज किती मऊ केला होता! "काकू, वाईट झालं. बिल्ला हरवू नका, बिल्ला नाही तर क्लेम नाही. कान बिल्ल्यासकट कापून ठेवा, सर्व्हेअर येईल. शवविच्छेदनाच्या रिपोर्टाचे आणि सर्व्हेअरचे 4,500 लगेच पाठवा, संध्याकाळपर्यंत फाइल बंद होतेय." बिल्ल्याशिवाय क्लेम मिळत नाही हा विम्याचा नियम खराच आहे, म्हणून ह्यांनी त्या गाईचा कान कापला. तिला लहानपणी त्यांनीच बाटलीने दूध पाजलं होतं. कान मिठात ठेवला, गाय चुना घालून खोल पुरली, 4,500 यूपीआयने पाठवले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

भाच्याने बिल्ला बघितला. सरकारी पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. त्याने मारलेल्या आमच्या बिल्ल्यावर नऊ. मोजा, आत्ता उठून गोठ्यात जाऊन मोजा.

पावतीवर ज्या विमा कंपनीचं नाव होतं तिथे गेलो. अशी पॉलिसीच नाही म्हणाले, आणि पावतीची झेरॉक्स घ्यायलाही तयार नाहीत. दवाखान्यात म्हणाले, तो आमचा माणूस नाही, पोलिसांकडे जा. अहो, तुमच्या हद्दीत तोतया डॉक्टर सुई टोचत फिरतोय, त्याने रोग पसरतोय, तुम्हाला त्याचं काहीच नाही? पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "पैसे तुम्हीच दिले ना, कुणी हिसकावले का?" आणि अर्जावर शिक्काही मारून दिला नाही. मी आणि हे दोघं पन्नाशी ओलांडलेले, बाकावर बसून राहिलो आणि आमच्या मागून आलेल्या मोबाइल हरवलेल्याचं काम आधी झालं. बँकेत सांगितलं, तक्रारीची प्रत आणा. चौकी प्रत देत नाही, बँक प्रतीशिवाय हलत नाही. ऑनलाइन तक्रार केली तर काही दिवसांनी मेसेज आला, "निराकरण झाले." कुणाचं झालं? एक माणूस घरी आला नाही, एक फोन आला नाही. मेलेल्या गाईचा पंचनामासुद्धा नाही, कारण म्हणे कळवायला उशीर झाला. गावात दोन गुरं मेलेल्या घरात हेच ऐकवलं. शेतकरी वेळेवर गेला तर लस नाही, फसल्यावर गेला तर उशीर.

तेव्हा पैसे यूपीआयने गेले असतील तर चौकीची वाट न बघता त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली जाऊ शकते. आम्हाला हा नंबर कुणी सांगितला नाही. जनावर आजारी पडलं तर पशुवैद्यकीय हेल्पलाइन 1962. विमा घ्यायचा असेल तर सरकारी पशुवैद्याची सही आणि पॉलिसी नंबर हातात पडल्याशिवाय रुपया देऊ नका, आणि तो नंबर कंपनीला स्वतः फोन करून विचारा, आणणाऱ्याच्या फोनवरून नाही. आजारी गुराजवळ सुई येऊ देऊ नका, लस निरोगी गुरांना, प्रत्येकाला वेगळी सुई. मराठी बोलतो म्हणून ओसरीवर घेऊ नका.

आमच्या गावातली आणि शेजारच्या दोन गावांतली मिळून आता सहा घरं एकत्र अर्ज देणार आहोत, सगळ्यांच्या पावत्या एकाच छपाईच्या निघाल्या. हातोद, देपालपूर, सांवेर भागात कुणाकडे 2022 ची तशी पावती किंवा नऊ आकड्यांचा बिल्ला पडला असेल तर लाजेने फेकू नका, तारीख आणि रक्कम मागे लिहून ठेवा. या वेळी शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय चौकीतून उठायचं नाही, असं ठरलंय.