जुनी बारातारी गिल्ड: नेक रीसेटनंतर एक हिवाळा आणि एक उन्हाळा

माझ्या जुन्या बारा तारांच्या गिल्ड गिटारचा नेक, म्हणजे लांब दांडा, काढून योग्य कोनात पुन्हा बसवून घेतला; यालाच नेक रीसेट म्हणतात. आधी निकाल सांगतो. काम उत्तम झालंय, गिटार जवळजवळ रोज वाजते. जुनी बारातारी स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची आणि नफ्यात विकायची असा बेत असेल तर मात्र या फंदात पडू नका. मला गिटार जेवढ्याला पडली, त्याहून जास्त तिच्या दुरुस्तीला लागले.

वाद्य आहे गिल्ड एफ-२१२, सत्तरच्या दशकातलं. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा महोगनीच्या. गिल्ड कंपनी १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली, १९५६ मध्ये हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या होबोकनला आली आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ऱ्होड आयलंडमधल्या वेस्टर्लीला गेली. मी राहतो जर्सी सिटीत, म्हणजे होबोकनच्या शेजारीच. पण माझी गिटार तिथली नाही, वेस्टर्लीची आहे. तो कारखानाही २००१ मध्ये बंद झाला. बारा तारांच्या गिटारींत गिल्डचं नाव मोठं. तिच्या नेकमध्ये एक नाही, दोन ट्रस रॉड (आत बसवलेल्या धातूच्या सळया) असतात, यावरून बनवणाऱ्यांना कशाची काळजी होती ते कळतं.

काळजी होती ताणाची. सहा तारांच्या गिटारवर नेहमीच्या लाइट तारा लावल्या तर एकूण ओढ साधारण ७०-७५ किलो असते. बारा तारांवर, तारा बारीक असूनही, ती ११० किलोच्या आसपास जाते. ही ओढ पन्नास वर्षं रात्रंदिवस चालू. त्यात ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) पुढे झुकतो, वरची फळी ब्रिजच्या मागे फुगते आणि पुढे खचते, नेक हळूहळू वर उचलला जातो. माझ्याकडे आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड तार साडेचार मिलिमीटर वर होती. पहिले तीन फ्रेट सोडले तर पुढे बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरणं म्हणजे मनगटाची परीक्षा. आधीच्या कोणीतरी सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची बारीक पट्टी, घासून घासून संपवलं होतं, त्यामुळे तारा आणखी खाली आणायला जागाच उरली नव्हती.

एका मोठ्या दुकानात दाखवली, तर काउंटरवरच्या मुलाने ‘ट्रस रॉड आवळून देतो’ म्हणून सांगितलं. ट्रस रॉडने नेकचा बाक कमी-जास्त होतो. नेक अंगाला ज्या कोनात जोडलाय, तो कोन त्याने तसूभरही बदलत नाही. दुसरीकडे ब्रिजच तासून पातळ करायचा सल्ला मिळाला. त्याने सहा महिने निभावलं असतं आणि नंतर ब्रिजही नवा करावा लागला असता.

मग एका ओळखीच्या वादकाने या कारागीर बाईंचा पत्ता दिला. एकटीने चालवलेलं छोटं वर्कशॉप, बाहेर पाटी नाही. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांच्याकडची रांग आधीच लांब आहे आणि ती वाढवू नका असं त्यांनीच बजावलंय.

त्यांनी गिटार हातात घेऊन वाजवली नाही, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. तारा सैल केल्या, साउंडहोलमधून छोटा दिवा आणि दांडीवरचा आरसा आत घातला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग बोटाच्या पेराने फळीवर ठकठक करत फिरल्या. एका जागी आवाज फुटका आला, तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला. असे तीन तुकडे लागले. ब्रिजच्या मागच्या कडेखाली त्यांनी साध्या कागदाची पट्टी सरकवली, ती निम्म्यापर्यंत आत गेली. म्हणजे ब्रिज निम्मा सुटलेला. शेवटी लांब स्टीलची पट्टी फ्रेटांवर सरळ ठेवून ब्रिजपर्यंत नेली. नेकचा कोन बरोबर असेल तर ती पट्टी ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकते. माझ्या गिटारवर ती माथ्याच्या तीन मिलिमीटर खाली, ब्रिजच्या अंगावर जाऊन अडत होती.

त्यानंतर त्यांनी अंदाजपत्रक लिहून दिलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोलाचा वाटला तो हा कागद. आत्ता करायची कामं वर लिहिली होती: फळीला आतून आधार देणाऱ्या सुटलेल्या पट्ट्या चिकटवणं, ब्रिज काढून पुन्हा बसवणं, तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी खाल्लेल्या ब्रिजप्लेटला (ब्रिजखाली आतून लावलेल्या लाकडी पट्टीला) मेपलचं ठिगळ, नेक रीसेट, फ्रेट समतल करणं, हाडाचं नवं नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल. त्याखाली रेघ मारून न करायची कामं लिहिली होती. लॅकरला पडलेल्या बारीक भेगा, पिकगार्ड, जुन्या खुंट्या, आणि फळीचा फुगवटा. फुगवटा पूर्ण सपाट करू नका असं का, हे विचारलं. म्हणाल्या, थोडा फुगवटा अशा गिटारला असायचाच. आतल्या पट्ट्या घट्ट झाल्या की जेवढा जायचा तेवढा आपोआप जाईल, उरलेला दाबून बसवला तर आवाजही दबेल. दुरुस्तीचा धंदा करणारं माणूस स्वतःच्या हाताने बिल कमी करतंय, हे दृश्य दुर्मीळच.

क्रमही त्यांनी ठरवून ठेवला होता. आधी आतून फळी आणि ब्रिज, मग नेक. उलट केलं तर नेकचा कोन ढासळलेल्या फळीच्या मापाने बसतो आणि फळी सावरली की पुन्हा चुकतो.

नेक काढतानाचं काम बघायची परवानगी मिळाली. गिल्डच्या बाबतीत एक जादा कटकट असते. कारखान्यात नेक अंगाला जोडून झाल्यावर दोघांवर एकत्र लॅकर मारलेलं असतं, त्यामुळे सांध्यावर लॅकरचा अखंड पापुद्रा असतो. तो आधी धारदार पात्याने रेघेरेघेने कापला नाही तर नेक सुटताना मोठे टवके उडतात. नुसतं हे कापायलाच त्यांनी जवळजवळ अर्धी सकाळ घेतली. मग फिंगरबोर्डचा (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या फळीचा) अंगावर टेकलेला भाग गरम करून पातळ सुरीने मोकळा केला. पंधरावा फ्रेट उपसून त्याच्या खाचेतून एक बारीक भोक पाडलं, कारण डव्हटेल सांध्याची (नेक अंगात अडकवणाऱ्या पाचरीसारख्या सांध्याची) पोकळी नेमकी त्याखाली असते. त्यातून सुईसारख्या नळीने वाफ आत सोडली. काही मिनिटांत जुन्या सरसाचा ओलसर, उग्र वास सुटला, टाचेच्या (नेकच्या अंगाला जोडलेल्या टोकाच्या) कडेने पाणी पाझरायला लागलं, आणि त्या ते फडक्याने टिपत राहिल्या, कारण ओल आणि उष्णता लॅकरला लागली की पांढरे डाग पडतात. शेवटी कट्ट असा आवाज आला आणि नेक हातात.

पुढचं काम दिसायला किरकोळ, पण सगळी विद्या त्यातच आहे. टाच आणि अंग यांच्यामध्ये सँडपेपरची पट्टी घालायची, नेक दाबून धरायचा, पट्टी ओढून काढायची. पुन्हा मोजायचं. टाचेच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटर लाकूड गेलं असेल, पण तेवढ्याने ब्रिजकडे पट्टी तीन मिलिमीटर वर चढली. दोन्ही बाजूंनी सारखं घासलं नाही तर नेक तिरपा बसतो, आणि बारा तारांत तिरपेपणा लगेच दिसतो: बारा तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत असतात, आणि कडेची जोडी फिंगरबोर्डवरून घसरायला लागते.

आता वापराबद्दल.

बाराव्या फ्रेटवर जाड बाजूला साधारण अडीच आणि बारीक बाजूला दोन मिलिमीटर अंतर आहे. सातव्या फ्रेटवर बार कॉर्ड तासभर धरता येतो. नवं सॅडल उंच असल्याने तारा त्यावरून जास्त तीव्र कोनात उतरतात, आणि आवाज नुसता मोठा नाही, मोकळा झालाय. नटच्या खाचा हे तर वेगळंच प्रकरण. जोडीतल्या दोन तारांत अंतर इतकं नेमकं ठेवलंय की प्लेक्ट्रमखाली (तारा छेडायच्या नखीखाली) दोन्ही सापडतात, पण जोरात वाजवल्यावर एकमेकींवर आपटत नाहीत.

सुरात मात्र तडजोड आहे, आणि ती राहणारच. खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि एक सप्तक वरची बारीक तार. दोघी एकाच सॅडलवर, पण दोघींना सुरात राहायला लांबी वेगवेगळी हवी. बाईंनी सॅडलचा माथा जोडीजोडीला पुढेमागे घासून मध्य गाठलाय. दहाव्या फ्रेटपर्यंत कान तक्रार करत नाही, त्यापुढे करतो.

माझं आजोळ तंबोरे घडवणाऱ्या मिरजेजवळचं, त्यामुळे त्या सॅडल घासत असताना जवारी आठवणं साहजिक होतं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर राखतात, तार त्यावर घासत थरथरली पाहिजे, म्हणून वर दोऱ्याचा जीव सरकवतात. इथे बरोबर उलटा खटाटोप: तार एका बारीक धारेवरून सुटली पाहिजे, जराही घासता कामा नये. हे सांगितल्यावर बाईंनी काम थांबवून दोऱ्याबद्दल इतके प्रश्न विचारले की दुरुस्ती बाजूला राहिली.

हवामानाचं सांगायला हवं, कारण दुरुस्तीची खरी कसोटी तिथे लागते. आमच्याकडे जानेवारीत हीटर चालू असला की घरातली आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली जाते. गिटारला ४५ ते ५० हवी. केसमध्ये आर्द्रता राखणाऱ्या पुड्या आणि छोटा मापक ठेवला, तरी फळी थोडी बसली आणि तारा घरघरायला लागल्या. बाईंनी आधीच दोन सॅडल करून दिली होती, हिवाळ्यासाठी किंचित उंच. ते घातलं, घरघर गेली. मेमध्ये पुन्हा उन्हाळ्याचं घातलं. मुंबई-कोकणातल्या लोकांना उलटा त्रास होईल: पावसाळ्यात फळी फुगून तारा वर जातात. तिथे केसमध्ये ओलावा शोषणारं काहीतरी ठेवणं आणि गिटार भिंतीला न टांगणं एवढं पुष्कळ.

त्यांची एक अट मी पाळतोय: गिटार मूळ पट्टीत चढवायची नाही, एक पूर्ण स्वर खाली ठेवायची आणि गरज पडली तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा. तारा त्याच ठेवून एक स्वर उतरलं की ओढ सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते. शिवाय ‘जी’ (G) स्वराच्या जोडीतली सप्तक वरची तार, जी सर्वात बारीक असते आणि वरच्या ई तारेपेक्षाही उंच सुराला लावलेली असते, ती तुटायची थांबलीये. आधी वैताग आणला होता तिने.

मंडळाच्या गणेशोत्सवात भावगीतांच्या साथीला नेली. संथ गाण्यात एकेक तार छेडत वाजवली तर पेटीला छान भरतो हिचा आवाज. जलद लयीत सपासप ओढायला गेलो तर गर्दी होते, गायकाचे शब्द बुडतात. दोन गाण्यांनंतर मी साधी सहातारी घेतली.

तक्रारी. सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट वेळ लागला आणि मध्ये फोन उचलला जायचा नाही. टाचेजवळ जिथे लॅकर कापलं होतं, तिथे डागडुजी करूनही उजेडात बारीक रेघ दिसते. हे होणार असं आधी सांगितलं होतं, तरी डोळा तिथेच जातो. आणि खुंट्या. त्या जुन्याच ठेवायच्या हा बाईंचा हट्ट मला पटलेला नाही. तेलपाणी केलंय, पण बारापैकी तीन अजून अडखळतात. एका झटक्यात सूर पुढे निघून जातो, मग मागे आणा, पुन्हा चढवा. बारा तारा लावताना हे फार जाचतं. जुन्या भोकांत बसतील अशा नव्या खुंट्या मिळतात, लाकडाला धक्का लागत नाही. मूळ संच डबीत जपून ठेवता येतो.

बिल बाराशे डॉलरच्या घरात गेलं, निम्म्याहून जास्त नेक रीसेटचं. घेणाऱ्यांनी दुकानात जाताना स्टीलची पट्टी आणि कागदाची एक चिंधी खिशात ठेवावी, वर सांगितलेल्या दोन्ही तपासण्या मिनिटाभरात होतात. आणि कारागिराला सरळ विचारावं की बारातारीचा नेक याआधी काढलाय का. सहातारीवर हात बसलेला माणूस नटच्या खाचांत आणि सॅडलवर अडकतो. पहिल्या पाच फ्रेटांना वरच्या जोड्यांखाली आता खड्डे पडू लागलेत, समतल करायला धातू फार उरलेला नाही. ते बदलायला गिटार पुन्हा बाईंकडे जाईल तेव्हा नव्या खुंट्या मी सोबत घेऊनच जाणार आहे.