जिउ-जित्सू क्लास: चार स्टार, पाचवा ओपन मॅटने घालवला

क्लास निवडताना लोक सरांचा बेल्ट आणि भिंतीवरची मेडल्स बघतात. माझी चाळिशी उलटलेली, त्यात डावा गुडघा कुरकुरणारा. मी एवढंच बघते, टॅप केल्यावर, म्हणजे हार मानून हाताने थोपटल्यावर, समोरच्याची पकड किती लवकर सुटते. इथे लगेच सुटते.

मध्यंतरी एक धिप्पाड मुलगा नवीन आला. आर्मबार, म्हणजे कोपर ताणणारा डाव, मिळाला की झटकाच द्यायचा. सर त्याला ओरडले नाहीत. पर्पल बेल्टवाल्या एका मुरलेल्या मुलीशी त्याचा राउंड लावला. तिने त्याला त्याच आर्मबारमध्ये धरलं आणि कोपर सरळ होण्याआधीचा शेवटचा टप्पा इतका सावकाश नेला, की गड्याने घामाघूम होऊन आपणहून टॅप केलं. सर म्हणाले, "एवढा वेळ समोरच्याला द्यायचा."

हील हूक हा टाच पिरगळण्याचा डाव नवख्यांना बंद, हेही पटलं. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्येसुद्धा तो 2021 पासून फक्त नो-गीमध्ये (जाड जाकिटाशिवायच्या लढतीत) आणि मोठ्यांच्या (अ‍ॅडल्ट) गटातल्या ब्राउन-ब्लॅक बेल्टनाच चालतो. आर्मबारमध्ये कोपर आधी दुखून सावध करतं. हील हूकमध्ये टाच पिरगळली की फिरतो गुडघा, आणि कळ येईपर्यंत लिगामेंट गेलेलं असू शकतं. कानी बासामी, म्हणजे पायांच्या कात्रीत धरून पाडणं, यालाही इथे मनाई आहे. 1980 मध्ये याच डावात जपानच्या यासुहिरो यामाशिताचा पाय मोडला होता, आणि तो तेव्हा ज्युदोचा जगज्जेता होता!

बाकी नखं वाढलेली दिसली तर नेलकटर हातात देतात, अंगावर गजकर्ण दिसलं तर घरी पाठवतात. एखाद्याशी रोल (सरावाची झुंज) करायचं नसेल तर "नको" म्हटलेलं पुरतं; का, ते कुणी विचारत नाही. जुनी मुलं राउंडआधी "ताई, गुडघा कुठला?" विचारून घेतात आणि मग मला व्यवस्थित लोळवतात. बाई समोर आली की हातपाय सैल सोडून बसणारे पार्टनर मला अंगावर येणाऱ्यांइतकेच नकोसे वाटतात. तसलं इथे कमी.

ओपन मॅटला, म्हणजे मोकळ्या सरावाच्या वेळी, मात्र सगळं ढिलं. सर फोनवर असतात. त्याच मॅटवर कुणी उभ्याने टेकडाउन मारून पाडतंय, कुणी खाली रोल करतंय, मध्ये हातभरही जागा नाही. एक जोडी धाडकन माझ्या पोटरीवर आली. तक्रार केली तर "लक्ष ठेवतो" एवढंच उत्तर मिळालं. उभ्यांना वेगळा कोपरा देईपर्यंत मी ओपन मॅटला जात नाही.

ट्रायल घ्याल तेव्हा शेवटचा राउंड संपेपर्यंत थांबा. माणसं दमली की टॅपकडे कितपत लक्ष देतात, ते तेव्हाच दिसतं.