अर्ज कुणाकडे न्यायचा? नगरसेवक, आमदार की खासदार

सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "थेट खासदारांनाच निवेदन देऊ." ड्रेनेज तुंबलं असेल तर तसं करू नका. ड्रेनेज, कचरा, नळाचं पाणी ही महापालिकेची कामं. नगरसेवकाला गाठा आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.

खरा विचार करावा लागतो तो आमदार की खासदार, या निवडीत. पोलीस आणि जमीन हे राज्याचे विषय, म्हणून आमदार. रेल्वे, विमानतळ, लष्कराच्या जागेतला रस्ता केंद्राकडे, म्हणून खासदार. त्याआधी आपला मतदारसंघ मात्र बघून घ्या. हडपसर लोकसभेला शिरूरमध्ये येतं आणि खडकवासला बारामतीत, पत्त्यावर पुणे असलं तरी!

निधीसाठी खासदाराकडे जाणाऱ्यांनी एक हिशेब करावा. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, आणि पुणे लोकसभेत विधानसभेचे मतदारसंघ सहा. एकाच्या वाट्याला कोटभरही येत नाहीत.

माझ्या मते खासदाराची मोठी ताकद प्रश्न विचारण्यात आहे. सभागृहातल्या मतदानाला पक्षाचा व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, आड येतो, लेखी प्रश्नाला येत नाही. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, उपप्रश्नही विचारता येतात. पण सगळ्यांची पाळी येत नाही. अतारांकित प्रश्न 230 पर्यंत घेतले जातात आणि उत्तर लेखी, आकड्यांसह मिळतं. आपल्याला तेच हवं असतं. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधीच भेटा. विधानसभेत आमदाराच्या हाती लक्षवेधी सूचना असते, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणं.

पुणेकरांसाठी यात एक मेख आहे. मंत्री सभागृहात उत्तरं देतात, प्रश्न विचारत नाहीत. 2024 मध्ये पुण्यातून निवडून आलेले मुरलीधर मोहोळ केंद्रात नागरी हवाई वाहतूक आणि सहकार खात्यांचे राज्यमंत्री झाले. विमानतळाचं काम असेल तर हे सोयीचंच. रेल्वेवर प्रश्न विचारायचा असेल, तर महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या 19 जणांपैकी कुणाला तरी भेटा. ते सगळ्या राज्याचे प्रतिनिधी असतात.

आणि निवेदनात "तातडीने कार्यवाही व्हावी" एवढंच लिहू नका. प्रश्नच तयार करून द्या: पूल कधी मंजूर झाला, आजवर किती खर्च झाला, काम कशामुळे अडलं?