निकॉन मोनार्क एम५ ८×४२: नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर कशी चालते

नोव्हेंबर सरत आला की निफाडात कडाक्याची थंडी उतरते आणि गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या उथळ पाण्यात बदकं दाटतात. नांदूर मधमेश्वर हे २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. दुर्बीण पारखायला याहून चांगली जागा नाशिक जिल्ह्यात नाही. पक्षी उघड्यावर असतात पण लांब, खालून पाणी चमकत असतं आणि सकाळी सातपर्यंत धुकं हटत नाही.

नवी दुर्बीण घेणारा हमखास विचारतो, आठची घेऊ की दहाची? ८×४२ मधला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आमचं उत्तर ठाम आहे: आठची. १०×४२ मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हाताचा थरकापही तेवढाच वाढतो, आणि बांधावर वारा सुटला की तो फायदा संपतो. शिवाय ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. दहाच्या दुर्बिणीत तो ४.२ उरतो. सूर्य उगवण्याआधीच्या अर्ध्या तासात हा फरक लगेच जाणवतो.

एम५ ची खरी कमाई तिच्या ईडी काचेत, म्हणजे रंगांची कड कमी करणाऱ्या खास काचेत आहे. वारकरी पक्षी बघा: अंग काळं, कपाळ पांढरं, मागे चकाकतं पाणी. साध्या दुर्बिणीत त्या पांढऱ्या कपाळाभोवती जांभळी-हिरवी कड दिसते, इथे ती बरीच कमी होते. याचा उपयोग बदकं ओळखताना होतो. या दिवसांत बरेच नर अजून पूर्ण रंगात आलेले नसतात, त्यामुळे भुवई बदक आणि चक्रांग यांच्या माद्या वेगळ्या काढायच्या तर चेहऱ्यावरच्या पट्ट्या आणि चोचीच्या मुळाशी असलेला फिकट ठिपका नीट दिसावा लागतो. शंभरेक मीटरवर तो दिसतो.

कमतरता दृश्यक्षेत्राची. ६.४ अंश, म्हणजे हजार मीटरवर ११२ मीटर रुंदी. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून कमी उंचीवर फिरत आला की सगळा थवा एकदम उठतो, आणि त्या गोंधळात भोवत्याला धरून ठेवायला ही चौकट अपुरी पडते. त्याच कंपनीच्या एम७ ८×४२ मध्ये ८.३ अंश मिळतात. उडते पक्षी आणि शिकारी पक्षी हीच तुमची आवड असेल, तर थोडं थांबून पैसे जमवा आणि एम७ घ्या.

चष्मा असणाऱ्यांसाठी मात्र एम५ फार सोयीची आहे. आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १९.५ मिलिमीटर आहे, त्यामुळे आयकप (डोळ्याकडची रबरी कडा) पूर्ण आत फिरवून चष्म्यासकट अख्खी चौकट दिसते. चष्मा नसेल तर आयकप बाहेर काढा, नाहीतर कडेने काळ्या सावल्या नाचत राहतात आणि माणूस काचेला दोष देतो.

अस्पष्ट दिसतंय अशी तक्रार आली की बहुतेक वेळा डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी, लावलेला नसतो. पन्नास मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या बाजूची कडी फिरवा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, कारण एम५ मध्ये तिला लॉक नाही आणि पिशवीत घासून ती सरकू शकते. रोज सकाळी एक नजर टाकावी.

दुर्बीण नायट्रोजन भरलेली असल्यामुळे आतून धुकं धरत नाही. बाहेरून मात्र धरतं. थंड हवेतून हीटर लावलेल्या गाडीत शिरलात आणि लगेच काच बाहेर काढली, की तिच्यावर वाफ बसते. तिला आधी पिशवीतच हळूहळू गरम होऊ द्या, आणि बाहेर थंडीत डोळ्याला लावताना श्वास खाली सोडा.

तीनशे-चारशे मीटरवर बसलेल्या थव्यासाठी मात्र कुठलीच हातातली दुर्बीण पुरत नाही. चापडगावात स्थानिक गाइड मिळतात, त्यांच्यापैकी ज्याच्याकडे स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची जास्त ताकदीची एकनळी दुर्बीण) असेल त्याला बरोबर घ्या. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला उभं राहायचं, हे त्यालाही सांगून ठेवा. उन्हाच्या तोंडावर तलवार बदक आणि थापट्या दोन्ही नुसत्या काळ्या आकृत्या होतात.

६३० ग्रॅम वजन तीन तासांत मानेला लागतं. खांद्यावरून जाणारा पट्टा (हार्नेस) वेगळा घ्याच.

याच मोसमात जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीचा किनारा गाठणारे बरेच नाशिककर आहेत. तिथे भरती चढताना जा, पाणी तुतवार आणि चिखल्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. परतल्यावर काच लगेच पुसू नका. आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मग बाहेरचं रबर ओलसर फडक्याने पुसून मीठ काढा, सावलीत वाळवा, आणि शेवटी मायक्रोफायबरने काच. वाळूचा एक कण फडक्याखाली आला तरी काचेवरच्या लेपावर कायमचा ओरखडा उठतो. पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, म्हणजे बुरशी लागणार नाही.