व्हॉलीबॉलच्या ॲपचा पास: जानीसाठी घेतला, अर्धाच जानी मिळाला

रेटिंग 5 पैकी 3. ॲपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, रिफंडचं मेलामेली अजून चालू आहे.

पॅरिस ऑलिम्पिक आपल्याकडे मोबाईलवर फुकट दिसत होतं तेव्हा फ्रान्सच्या मॅचेस बघितल्या, आणि तेव्हापासून त्यांचा इटालियन कोच आंद्रेआ जानी डोक्यात बसलाय (उच्चार जानीच आहे, राजकुमार आठवला तर माझा दोष नाही). माणसाचं करिअर बघा. 474 मॅचेस इटलीसाठी, 1990, 94 आणि 98 अशा लागोपाठ तीन वर्ल्ड चॅम्पियनशिप, सोलपासून अथेन्सपर्यंत पाच ऑलिम्पिक. कधी मिडलला ब्लॉक करायला उभा, कधी ऑपोझिटहून (म्हणजे उजव्या बाजूने) स्मॅश मारतोय, जिथे लावाल तिथे चालणारा गडी. आणि एवढं असून ऑलिम्पिक गोल्ड नाही! 1996 ला अटलांटात हॉलंडकडून फायनल पाचव्या सेटला 17-15 ने गेली, सिडनीत ब्राँझ, 2004 ला फायनलला ब्राझील आडवं आलं. आमच्या ग्राऊंडवर अशाला म्हणतात, घास तोंडाशी आला आणि खाली पडला.

मग पॅरिसला काय झालं तर क्वार्टरफायनलला समोर जर्मनी, म्हणजे 2017 ला ज्यांचा कोच असताना जानीनेच युरोपियन चॅम्पियनशिपचं सिल्व्हर मिळवून दिलं होतं तीच टीम, त्यांचा स्मॅशर ग्रोझरही तोच, तेव्हाही खेळत होता. फ्रान्स 0-2 मागे. मी टीव्ही बंद करून झोपणार होतो खरं तर. 3-2 ने काढली मॅच. सेमीला इटली, आणि इटलीच्या बेंचवर कोच फेफे दे जॉर्जी, ज्याच्यासोबत खेळून जानीने त्या तिन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्या होत्या, त्यांना सरळ 3-0. फायनलला पोलंडलाही 3-0. बरं याच्यात अजून एक गंमत, अटलांटातल्या त्या हरलेल्या टीमचा कोच हुलिओ वेलास्को, त्याने दुसऱ्याच दिवशी इटलीच्या बायकांच्या टीमला घेऊन गोल्ड मारलं. दोघांचंही 28 वर्षांचं उधार दोन दिवसांत वसूल.

तर हे सगळं सुरुवातीपासून बघायचं म्हणून पास घेतला. पैसे भरल्यावर कळलं की ऑलिम्पिक यात नाही. युरोपियन चॅम्पियनशिप पण नाही, म्हणजे 2015 ला स्लोव्हेनियासारख्या छोट्या टीमला त्याने फायनलपर्यंत नेलं ते नाही, जर्मनीचं सिल्व्हर नाही. खेळाडू जानी तर जवळजवळ नाहीच, त्यासाठी शेवटी यूट्यूबवरच्या धुरकट क्लिपा. हे कुठेतरी आधी लिहा ना राव, पहिल्या पानावर नुसतं "सर्व काही एकाच ठिकाणी" म्हणून फोटो लावलाय.

आता जे आहे ते मात्र कडक आहे. 2022 ची नेशन्स लीग, इटलीतल्या बोलोन्यात, जानीच्या फ्रान्सने सेमीला इटलीला त्यांच्याच घरात हरवून फायनलला अमेरिकेला 3-2. पिक्चर क्वालिटी एकदम साफ, बॉलवरचे डिंपल दिसतात. दीड महिन्यात ल्युब्लियानाला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्वार्टरला इटलीनेच याला 3-2 ने बाहेर काढलं आणि पुढे दे जॉर्जी चॅम्पियन, ती मॅच मी दोनदा बघितली. टाइमआउटला माइक कोचच्या जवळ असतो, 30 सेकंदांत कोच किती कमी बोलतो ते ऐका, आमचे कोच तेवढ्या वेळात नुसते आईबाप काढायचे.

पण एक प्रकार डोक्यात जातो. जुन्या मॅचेसच्या यादीत नावाखालीच स्कोअर छापलेला! डोंबिवली फास्टला कसाबसा उभा राहून एका हाताने स्क्रोल करतोय तर समोर 3-2, संपला विषय. सेटिंगमध्ये स्कोअर लपवायचं बटण आहे, ते फक्त मुख्य पानावर चालतं, सर्च केलं की परत उघडं. आणि लाइव्हला पाचव्या सेटला 13-13 असताना जे गोल गोल फिरायला लागतं ते 15-13 झाल्यावरच थांबतं, नेट माझं ठीक होतं, बाकी सगळं चालू होतं.

2025 ची फिलिपिन्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप लाइव्ह बघायला परत पास घेतला तर फ्रान्स गटातच गारद आणि कप पुन्हा दे जॉर्जीच्या इटलीकडे. ते ॲपच्या माथी मारत नाही. पण ऑटो रिन्यू मी स्वतः बंद केलं होतं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, तरी पुढच्या महिन्याचे पैसे कापले. मेलला उत्तर आलं की "तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". तीन आठवडे झाले त्याला. तोपर्यंत पैसे गेलेच आहेत तर बोलोन्याची फायनल परत लावलीये.