एमआरआय सेंटर, राजारामपुरी : ५ पैकी ४

आत्तीच्या कंबरेचा एमआरआय होता. गाडीत माझ्या बारावीतल्या पोरानं उगाच अक्कल पाजळली, आजी ह्याला आधी न्यूक्लिअर म्हणायचे. झालं, आत्तीनं तिथंच माघारी फिरायचं काढलं, ते अणुबॉम्बवालं मला नको म्हणून.

१० ची अपॉइंटमेंट, नंबर लागला सव्वाबाराला, एक स्टार त्याचाच कापलाय. आणि पार्किंग नाहीच, गाडी दोन गल्ल्या सोडून लावा.

पण आतला टेक्निशियन पोरगा सोन्यासारखा. आत्तीची जोडवी निघेनात, मशीनजवळ कसलंच धातूचं चालत नाही, तर सिस्टरनं साबणाचं पाणी लावून हळूहळू काढली आणि हा शेजारी बसून समजावत होता की मावशी, पोरगं खोटं नाही बोललं, जुनं नाव एनएमआर, त्यातला एन न्यूक्लिअरचा, पण न्यूक्लिअर म्हणजे अणूचं केंद्र, आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो त्याचं, बॉम्बचा काय संबंध नाही आणि एक्स-रेसारखे किरणपण नाहीत, नुसतं चुंबक आणि रेडिओ लहरी. लोक घाबरायला लागले म्हणून तो शब्दच काढून टाकला.

बाहेर बसल्या बसल्या मी मोबाईलवर बघितलं तर अजून एक नाव सापडलं. १९७३ ला लॉटरबर नावाच्या अमेरिकन केमिस्टनं पहिली चित्रं छापली (पुढं २००३ ला मॅन्सफिल्डबरोबर नोबेल) तेव्हा त्यानं ह्याला झ्युग्मॅटोग्राफी नाव दिलेलं. ग्रीकमध्ये झ्युग्मा म्हणजे जोडणारं, जू म्हणा ना. चुंबकाचं क्षेत्र आणि रेडिओ लहरींचं क्षेत्र एकत्र जुंपायचं म्हणून. असलं नाव रिसेप्शनवर कोण उच्चारणार, टिकलं नाही ते बरंच झालं.

अर्ध्या तासानं आत्ती बाहेर आली, कानात कापूस तसाच. आतला आवाज म्हणे मळणी मशीनच्या वरताण. फिल्म संध्याकाळी मिळाली, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, दोन्ही सांगितल्या वेळेला. जोडवी कागदाच्या पुडीत नाव घालून ठेवलेली, ते आवडलं.

येताना तिला जूचं सांगितलं. तर म्हणाली, "मग आधी सांगायचंस की, जू म्हटल्यावर मी कशाला भ्याले असते?"